मुरमुऱ्याचे खाते

माणसाला दिवसातून दोन वेळा जेवायला लागते ही गोष्ट धर्मशास्त्राला ठाऊक आहे, वैद्यकाला ठाऊक आहे आणि आमच्या बँकेच्या नियमावलीलाही ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीची तरतूद तिच्यात आहे ती त्यामुळेच. पण दुपारी चारच्या सुमारास जी एक भूक लागते, तिची तरतूद कोणत्याच शास्त्राने केलेली नाही. ही भूक पोटाची नसते, दातांची असते. तिला पोळी चालत नाही, वरणभात चालत नाही, शिरा तर मुळीच चालत नाही. तिला चावताना आवाज व्हावा लागतो. तो शेजारच्या टेबलापर्यंत गेला तर अधिक बरे. कारण शेजारचा लगेच हात पुढे करतो आणि खाणाऱ्याला आयतेच दानाचे पुण्य लागते.

तांदूळ पिकवणाऱ्या देशांनी ही दातांची भूक फार पूर्वी ओळखली आणि तिच्यासाठी तांदळालाच कामाला लावले. आपण लाह्या फोडल्या, मुरमुरे भाजले, पोहे कांडले. जपान्यांनी सेन्बेई, अरारे आणि ओकाकी केले. ही तीन जपानी पहिलवानांची नावे नव्हेत, तांदळाच्या कुरकुरीत खाऊचे प्रकार आहेत. साध्या तांदळाच्या पिठाची उकड करून, ती लाटून, वाळवून निखाऱ्यावर भाजली आणि वर सोयाबीनचा खारट रस फासला की झाली सेन्बेई. चिकट तांदूळ वाफवून, कुटून, त्याचा गोळा कडक होऊ दिला, मग तुकडे पाडून वाळवले आणि भाजले की मोठ्या तुकड्यांचे ओकाकी आणि बारीक तुकड्यांचे अरारे. अरारे म्हणजे गारा. आमच्याकडे धान कापणीला आले असताना गारा पडल्या तर शेतकरी कपाळाला हात लावतो. जपानी माणूस त्या वाटीत घेऊन चहाबरोबर खातो.

वाचकहो, या लेखात पुढे बराच इतिहास येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मी बी.कॉम. आहे. आम्हाला इतिहास शिकवत नाहीत, जमाखर्च शिकवतात. जमाखर्चाचा पहिला नियम असा, की ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही. पुढे वीसेक वर्षे बँकेत काढल्यावर माझ्या लक्षात आले की इतिहासाचाही पहिला नियम हाच आहे. फक्त इतिहासवाले तो इतक्या उघडपणे सांगत नाहीत.

आता आमच्या गावाबद्दल. गोंदिया हे महाराष्ट्राचे पूर्वेकडचे दार. मुंबईच्या माणसाला विचारले तर तो हे गाव मध्य प्रदेशात टाकतो आणि मध्य प्रदेशातला माणूस ते छत्तीसगडात ढकलतो. १ मे १९९९ ला आमचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी आम्ही भंडाऱ्याच्या खात्यात होतो. इथे पाऊस भरपूर आणि तलाव त्याहून भरपूर. कोहळी समाजाच्या पाटलांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी नवेगाव बांधसारखे तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकवले. (पश्चिम महाराष्ट्रात ज्याला भात म्हणतात त्याला आम्ही धान म्हणतो. भात हा आमच्याकडे ताटात असतो, शेतात नसतो.) १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव ही रेल्वे आली; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पाचेक वर्षांत इथून जबलपूरपर्यंत छोटी गाडी धावू लागली. मोठ्या आणि छोट्या रुळांच्या या सांध्यावर धानाचा व्यापार वाढला, गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि गावाला ‘राइस सिटी’ असे भारदस्त नाव पडले. छोटी गाडी आता गेली, नाव राहिले.

धानाचा हिशेब मात्र आजही चोख असतो. सरकारी खरेदीच्या नियमाप्रमाणे गिरणीला एक क्विंटल धान दिले तर ६७ किलो तांदूळ परत यायला हवा. उरलेल्या ३३ किलोंत तूस असते, ते भट्टीत जळते. कोंडा असतो, त्याचे तेल निघते आणि पेंड जनावरे खातात. खुद्द तांदळातही दोन जाती असतात. अख्खा दाणा वरच्या पोत्यात जातो. तुटला तो कणी होतो, आमच्या भाषेत कनकी. कनकीला भाव पडता. गिरणीत एकदा तुटलेल्या दाण्याला पुढच्या आयुष्यात प्रतिष्ठा नसते. हे मी क्लार्क या नात्याने समजू शकतो.

मुरमुरा हा या सगळ्या कारभारातला सर्वांत हलका मनुष्य. पण त्याला घडवायला केवढे कष्ट! धान भिजवायचे, उकडायचे, वाळवायचे, मग कांडून उकडा तांदूळ करायचा. त्याला मिठाचे पाणी लावून मंद आचेवर कोरडा करायचा. तिकडे भट्टीवर कढईत वाळू तापून लाल व्हायला आलेली असते. तिच्यात मूठभर तांदूळ टाकला की दाण्यातल्या उरल्यासुरल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि ती दाण्यालाच आतून फुगवते. चार-सहा सेकंदांचा खेळ. भडभुंज्याचा हात एवढ्या वेळात तांदूळ टाकतो, हलवतो, उपसतो आणि वाळू चाळून खाली सोडतो. एक सेकंद आधी काढला तर कच्चा, एक सेकंद उशिरा काढला तर करपला. आम्ही एक चेक पास करायला याहून पुष्कळ जास्त वेळ घेतो आणि तरी त्यावर दोन सह्या लागतात.

आमच्या शाखेत मुरमुऱ्याचा खरा मान ३१ मार्चला. संगणक आल्यापासून ताळेबंद आपोआप जुळतो असा मुख्य कार्यालयाचा समज आहे, त्यामुळे त्या रात्री आम्ही सगळे अकरापर्यंत बसलेलो असतो. आठ वाजता शिपाई वर्तमानपत्र पसरतो. त्यावर मुरमुरा, फल्लीदाणे, बारीक कांदा, हिरवी मिरची आणि कच्च्या तेलाची धार. ढिगाभोवती अधिकारी आणि कर्मचारी समान पातळीवर येतात. वर्षातून एकदा दिसणारी ही समता फार वेळ टिकत नाही, कारण ढिगातले फल्लीदाणे संपतात. कोण संपवतो याची चौकशी दर वर्षी होते. संशय नेहमी कर्ज विभागावर येतो. ‘मुरमुरा जास्त, फल्ली कमी’ ही एका पक्षाची तक्रार असते. ‘फल्लीच खायची तर मुरमुरा कशाला आणता?’ हा दुसऱ्या पक्षाचा सवाल. हा तंटा मी नोकरीला लागलो तेव्हा चालू होता आणि मी निवृत्त होईन तेव्हाही चालू असेल.

अशाच एका ३१ मार्चला वर्तमानपत्रावर जपान उतरले.

झाले असे, की आमच्या हेडकॅशिअरबाईंचा मुलगा पुण्याला एका जपानी कारखान्यात आहे. त्याला महिनाभर तिकडे पाठवले होते. येताना त्याने आईसाठी एक पिशवी आणली आणि आईने ती भीतीपोटी घरी न फोडता शाखेत आणली. तसे आम्हा वैदर्भीयांना जपानचे एवढे अप्रूप नाही. भदंत सुरई ससाई जपानहून नागपुरात आले ते १९६० च्या दशकात, आणि तिथलेच होऊन राहिले. कामठीला नोरिको ओगावा यांच्या मदतीने ड्रॅगन पॅलेस मंदिर उभे राहिले ते १९९९ मध्ये, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्याच वयाचे. पण जपान खाण्याचा प्रसंग आमच्यावर आला नव्हता.

पिशवीत पिशव्या निघाल्या. प्रत्येक छोट्या पिशवीत मूठभर माल. अर्ध्या चंद्रासारखे, तांबूस चकचकीत, नखाएवढे तुकडे.

“बाबू, हे तं तिखट शेव तुटल्यावानी दिसून रायलं,” शिपाई म्हणाला.

“महाग असणार,” अधिकारी म्हणाले, “म्हणजे प्रकृतीला चांगलं.”

मी एक तुकडा तोंडात टाकला. आधी खारट, मग किंचित गोड, मग उशिरा पोहोचणारी तिखटाची वर्दी. आणि आवाज असा, की दारावरच्या पहारेकऱ्याने वळून पाहिले. चारच्या भुकेचा जाणकार म्हणून सांगतो, चीज अव्वल होती. तेवढ्यात कर्ज विभागातून आरोळी आली, “अरे, यात फल्ली आहे!”

खरेच होती. त्या अर्धचंद्रांत भाजलेले, सोललेले फल्लीदाणे मिसळलेले होते. सात समुद्रांपलीकडचे लोकही आमच्याच वर्तमानपत्राभोवती बसले आहेत असा मला भास झाला. त्या रात्री ताळेबंद जुळला की नाही ते आठवत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी या अर्धचंद्राच्या मागे लागलो आणि मिळेल तिथून त्याची कुंडली जमवली.

त्याचे नाव काकी-नो-ताने. काकी म्हणजे जपानी तेंदूचे गोड फळ, आणि काकी-नो-ताने म्हणजे त्याची बी. तेंदू म्हटल्यावर गोंदियाचा माणूस कान टवकारणारच. बिड्यांच्या पानांवर आमच्या गावाची निम्मी जुनी श्रीमंती उभी आहे. आमचा तेंदू आणि त्यांची काकी ही एकाच कुळातली झाडे. आम्ही त्या कुळाच्या पानात तंबाखू भरला, त्यांनी त्याच्या बीचे नाव खाऊला दिले. ज्याची त्याची आवड.

आता कथा ऐका. जपानच्या निगाता प्रांतात नागाओका नावाचे गाव आहे. तिथे इमाई योसाबुरो नावाच्या गृहस्थांनी १९२३ मध्ये नानिवाया हे खाऊचे दुकान काढले. नानिवा हे ओसाका शहराचे जुने नाव. ओसाकाच्या एका तरुणाने त्यांना अरारे करायला शिकवले, त्याची आठवण म्हणून दुकानाला हे नाव दिले. (शिकवणाऱ्याचे नाव पाटीवर घालणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही.) तुकडे पाडायला त्यांच्याकडे लंबगोल आकाराचा धातूचा साचा होता. तो एकदा चुकून त्यांच्या पत्नीच्या पायाखाली आला आणि वाकला. सरळ करता करता सरळ होईना. तेव्हा त्यांनी त्याच वाकड्या साच्याने तुकडे पाडले. ते अर्धचंद्राकृती निघाले. कोणीतरी म्हणाले, हे काकीच्या बीसारखे दिसतात. झाले बारसे. साल १९२४.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. आमच्या घरीही वस्तू पायाखाली येतात. त्या घटनेनंतर जी चर्चा होते तिच्यातून आजवर एकही नवा पदार्थ निघालेला नाही. पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एका खेड्यासारख्या गावात एका बाईचा पाय एका साच्यावर पडतो आणि शंभर वर्षांनी गोंदियातल्या क्लार्कला ते कळते! कोणी, कधी, कुठे आणि कशामुळे, असे चारही रकाने भरलेले. याला म्हणतात नोंद.

पुढची गोष्ट तर आमच्या शाखेने फ्रेम करून लावावी अशी. काकी-नो-तानेत फल्ली कोणी मिसळली याबद्दल दोन-तीन मते आहेत. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलातल्या मद्यगृहात ते सुरू झाले असे एक मत. पण मिसळल्यावर प्रमाणाचा तंटा तिथेही उभा राहिला. निगातातच कामेदा सेइका नावाची मोठी कंपनी आहे. तिच्या पाकिटात सहा भाग खाऊ आणि चार भाग फल्ली असे प्रमाण पुष्कळ वर्षे होते. २०१९ मध्ये कंपनीने सगळ्या देशाचे मत मागवले. लोकांनी सात-तीनला कौल दिला आणि २०२० पासून पाकिटात सातास तीन हे प्रमाण आले. वाचकहो, म्हणजे आमचा ३१ मार्चचा प्रश्न एका प्रगत राष्ट्राने मतदानाने सोडवला! मी हे शाखेत जाहीर केले तेव्हा कर्ज विभागाने मतदानाला विरोध केला. तीनवर येणे त्यांना परवडणारे नव्हते.

याच कंपनीची जन्मकथाही आमच्या कामाची आहे. युद्ध हरलेल्या, उपाशी जपानात १९४६ मध्ये शेतकऱ्यांच्या एका प्रक्रिया केंद्रात गोड पाक करण्यापासून तिची सुरुवात झाली. तांदळाचा खाऊ नंतर आला. १९७३ च्या तेलसंकटाने सगळ्यांचे चेहरे उतरले, तेव्हा सुख पुन्हा परत यावे म्हणून १९७६ मध्ये कंपनीने एका खाऊचे नाव ‘हॅपी टर्न’ ठेवले. आमच्याकडे त्या काळी नुसते भाव वाढले. सुख परत येण्याचा खाऊ कोणी काढला नाही. २०१७ मध्ये काकी-नो-तानेला अंतराळवीरांचे अन्न म्हणून मान्यता मिळाली. मुरमुराही अंतराळात जायला तयार असतो. कोणीतरी वरचा पंखा सुरू केला की पुरे. आणि २०२२ मध्ये या कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर लेखराज जुनेजा नावाचे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ बसले. एका बासमतीवाल्या कंपनीशी भागीदारी करून हरियाणात त्यांचा कारखानाही निघाला. तिथल्या खाऊचे नाव ‘करी करी’. ही आमटी नव्हे. कुरकुर या आवाजाला जपानीत करी-करी म्हणतात. आम्ही कुरकुर म्हणतो ती करणाऱ्याला कामचुकार समजतात.

जपानमध्ये होणाऱ्या तांदळाच्या खाऊपैकी निम्म्याहून अधिक माल एकट्या निगाता प्रांतातून निघतो. निगाता कसला प्रांत? हिवाळ्यात छपरापर्यंत बर्फ, आणि उरलेल्या दिवसांत धान. म्हणजे बर्फ वजा केला तर गोंदियाच. त्यांच्याकडेही अख्खा दाणा होता आणि तुटलेला दाणा होता. पण तिथल्या सरकारी अन्नसंशोधन संस्थेने तांदळाच्या खाऊचे शास्त्र आणि यंत्रे यांवर काम केले आणि ती विद्या गावोगावच्या कारखानदारांना दिली. तुटक्या दाण्याला तिथे दुसरा जन्म मिळाला.

तुटण्याबद्दल जपान्यांचा विचारच वेगळा. ओकाकी या शब्दाचा अर्थच मुळी तुकडे पाडलेले असा आहे. नवीन वर्षाला ते देवापुढे तांदळाच्या कुटलेल्या उकडीचे दोन गोळे ठेवतात. ११ जानेवारीच्या सुमारास ते वाळून दगड होतात. मग ते खायचे. पण सुरीने कापायचे नाहीत, कारण सुरी म्हटली की सामुराईंना पोट चिरणे आठवते. म्हणून हाताने किंवा हातोडीने फोडायचे. ते तुकडे भाजले की ओकाकी. ओकाकी आणि कनकी! दोन्ही तुटलेले, दोन्ही तांदळाचे आणि यमकही जुळते. या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही हे मला माहीत आहे. परंतु एवढे यमक जुळल्यावर संबंध नाही म्हणून सोडून देणे माझ्या जिवावर येते.

सेन्बेईची कथा आणखी मजेची. टोकियोचे जुने नाव एदो. तिथून निक्कोकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोका नावाचा मुक्काम होता. तिथे ओसेन नावाची म्हातारी तांदळाच्या पिठाच्या उकडीचे गोळे विकत असे. न खपलेले गोळे ती नदीत टाकी. एका वाटसरू सामुराईने तिला सांगितले, “फेकतेस कशाला? चपटे कर, उन्हात वाळव आणि भाज.” तिने तसे केले आणि सोकाची सेन्बेई प्रसिद्ध झाली. ही दंतकथा आहे. ओसेन झाली की नाही हे देव जाणे. पण सोकाच्या स्थानकाबाहेर तिचा पुतळा आहे! आमच्या आया-आज्यांनी तांदळाच्या फेण्या उन्हात वाळवल्या, सालपापड्या पानावरून सोलल्या, कावळे हाकले, पोरे हाकली. त्या सगळ्या खऱ्या होत्या. नारा शहरातली हरणेसुद्धा कोंड्याची सेन्बेई खातात आणि खाण्याआधी मान लववून नमस्कार करतात. आमच्या नागझिऱ्याची चितळे स्वाभिमानी आहेत.

आणि फुगवलेला तांदूळ? पाश्चात्त्य जगात त्याचा शोध १९०१ च्या सुमारास अलेक्झांडर अँडरसन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने लावला, अशी नोंद आहे. १९०४ साली सेंट लुईसच्या जत्रेत त्यांनी तोफेसारख्या नळ्यांतून तांदूळ फुटताना लोकांना दाखवला. जपानमध्ये महायुद्धाच्या शेवटी शेवटी तोशिको योशिमुरा या तरुण शिक्षिकेने तसे एक यंत्र तयार केले. सरपणाच्या टंचाईत मुले कच्चेपक्के धान्य खाऊन आजारी पडत होती, हे तिला पाहवेना. दोघांनाही माझा नमस्कार. पण ऐन लग्नात होमाच्या अग्नीत नवरीच्या हातून लाह्या घालायची आपली रीत हजारो वर्षांची आहे. तेवढ्या लाह्या पहिल्यांदा कोणी फोडल्या? रकाना रिकामा.

नोंदीचे हे दुखणे केवळ लाह्यांचे नाही. आमच्याकडे घरोघर एचएमटी तांदूळ शिजतो. हा वाण शोधला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. तिसरीपर्यंतचे शिक्षण, दीडएक एकर जमीन. १९८३ मध्ये धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढची काही वर्षे वेगळ्या पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. तांदूळ बारीक निघाला, उतारा चांगला आला. १९९० च्या सुमारास तो बाजारात गेला तेव्हा नाव हवे होते. त्या काळी मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही मोठेपणाची खूण, म्हणून तांदळाला घड्याळाचे नाव मिळाले. आता मौज पाहा: एचएमटीची घड्याळे बंगळूरला १९६१ पासून तयार होऊ लागली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने! म्हणजे जपान आमच्या ताटात फार आधीच येऊन बसला होता. आम्ही उगाच पिशवीची वाट पाहत होतो.

घड्याळाचे नाव घरोघर झाले. दादाजींचे नाव व्हायला फार उशीर लागला. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण काढला आणि श्रेय कोणाचे याचा वाद राहिला. मानसन्मान आले, पण हातात पैसा आला नाही. ३ जून २०१८ ला ते गेले. लाखो एकरांवर पेरल्या गेलेल्या दाण्याच्या खात्यात धन्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेले राहिले, एवढेच मी बँकेच्या भाषेत म्हणू शकतो.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आमच्या बाजारपेठेत गिरणीवाले आणि अडते नव्या वह्यांची पूजा करतात. वहीवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे लाह्या-बत्ताशे. मी दर वर्षी दोन-चार ठिकाणी प्रसादाला जातो. मागल्या दिवाळीत लाह्यांची मूठ तोंडात टाकता टाकता मला एकदम दिसले, की वहीला लाह्या दर वर्षी मिळतात. लाह्यांना वही कधीच मिळाली नाही.

मी भावनेच्या भरात वाहून जाणारा माणूस नाही. तशी आमच्या हुद्द्याला परवानगी नाही. पण दुसऱ्या दिवशी बँकेची एक जुनी डायरी काढली, तारखा खोडल्या आणि वर लिहिले, ‘मुरमुऱ्याचे खाते’. रकाने आखले: भट्टी कुठे, कोणाची, किती पिढ्यांची, तांदूळ कोणता, वाळू कुठली, सरपण कशाचे, मीठ केव्हा लावतात. हे काम लवकर करायला हवे होते, कारण मुरमुरा आता यंत्रातून निघतो आणि भट्ट्या एकेक करून थंड होत आहेत. भडभुंज्याच्या हाताला सेकंद कळतो, पण तो हात पोराला पुढे द्यायची त्याची इच्छा नाही. पोराला त्याने कॉम्प्युटरच्या क्लासला घातले आहे. त्याला नावे ठेवायला मी कोण? मीही माझ्या बापाचा धंदा सोडूनच बँकेत आलो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक भट्टी अजून पेटते. मी संध्याकाळी तिथे गेलो. म्हातारा घामाघूम होऊन वाळू हलवत होता. पन्नास वर्षे हेच करतोय म्हणाला. वाळू नदीची, चाळून धुतलेली, आणि जुनी झाली की बदलायची. सरपण म्हणजे तूस. मीठ आदल्या रात्री. आवाज बदलला की काढायचा, डोळ्याने पाहून काढला तर उशीर होतो. मी भराभर लिहीत होतो. निगाताच्या संशोधन संस्थेत याला खुर्ची दिली असती असे वाटून गेले. शेवटचा रकाना राहिला होता.

“बाबा, नाव सांगा तुमचं. पूर्ण सांगा, वडिलांचंही.”

म्हाताऱ्याचा हात थांबला. कढईतला एक घाण करपला. त्याने माझ्याकडे पाहिले, डायरीकडे पाहिले, डायरीवरच्या बँकेच्या शिक्क्याकडे जास्त वेळ पाहिले.

“नाव कायले लिवता जी, बाबू?” तो म्हणाला. “म्या तं कोनाची उधारी ठेवली नाही.”